झाडीपट्टीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते

२०२२ मधला सर्वोत्तम मराठी चित्रपट कोणता? सरकारदरबारी या प्रश्नाचे उत्तर आहे ‘वाळवी’. परेश मोकाशी यांचा हा चित्रपट चित्रपटगृहांत आला १३ जानेवारी २०२३ रोजी. म्हणजे ज्या वर्षाचा तो सर्वोत्तम ठरला, त्या वर्षात तिकीट काढून तो पाहिलेला प्रेक्षकच नव्हता. उलट ५ ऑगस्ट २०२२ ला प्रदर्शित झालेला सलील कुलकर्णी यांचा ‘एकदा काय झालं’ राष्ट्रीय पुरस्कारांच्या हिशेबात २०२१ चा सर्वोत्तम मराठी चित्रपट आहे आणि २ डिसेंबर २०२२ ला आलेला शंतनू रोडे यांचा ‘गोष्ट एका पैठणीची’ २०२० चा. प्रेक्षकांनी चार महिन्यांच्या आत पाहिलेले दोन चित्रपट दोन वेगळ्या वर्षांचे मानकरी झाले. कारण साधे आहे. पुरस्काराचे वर्ष सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून मोजतात, प्रेक्षकाचे वर्ष चित्रपट लागतो त्या शुक्रवारवरून, आणि करोनाने या दोन तारखांमधले अंतर फार ताणले. कमाईचा हिशेबही याहून सरळ नाही. रितेश देशमुख यांचा ‘वेड’ २०२२ चा मोठा यशस्वी चित्रपट म्हणून मोजला जातो. तो लागला ३० डिसेंबरला. त्या वर्षातले दोन दिवस त्याच्या वाट्याला आले, बाकी सगळी गर्दी २०२३ ची.

या तारखांत कोणाची चूक नाही. पण यातून एक गोष्ट उघड होते: ‘वर्षातले सर्वोत्तम’ म्हणताना आपण ‘सर्वोत्तम’वर तावातावाने भांडतो आणि ‘वर्ष’ मात्र गृहीत धरतो. ते वर्ष कुठे राहणाऱ्याचे, कधी मोकळा असलेल्या माणसाचे, चित्रपटगृह किती अंतरावर असलेल्याचे, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की २०२२ च्या पहिल्या पाच चित्रपटांत तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ला जागा हवी, आणि त्या वर्षाच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते याचे कारण चित्रपटापेक्षा आपल्या मोजणीत अधिक आहे.

‘झॉलीवूड’ हा झाडीपट्टी रंगभूमीवरचा चित्रपट. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात ही रंगभूमी नांदते आणि तिची राजधानी वडसा आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्याला लागून आहे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. धान निघालेले असते, हातात चार पैसे खेळत असतात, पाहुणे आलेले असतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. मोकळ्या मैदानाला कनात लावतात, रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले बसतात, वरून माइक लोंबत असतात, पडद्याआडून प्रॉम्प्टर संवाद पुरवत असतो. घोंगड्या, चादरी अंगावर घेऊन बायाबापड्या जमिनीवर बसतात, लेकरे मांडीवर झोपतात, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक तांबडे फुटेपर्यंत चालते. होळीपर्यंत हा हंगाम. या जगातल्या कंपन्यांची चढाओढ, कलाकारांची ओढाताण इंगळे यांनी पडद्यावर आणली, इथल्याच मंचावरची माणसे घेऊन आणि इथल्या बोलीत.

तो प्रदर्शित कधी झाला? ३ जून २०२२ ला. त्याच शुक्रवारी ‘सम्राट पृथ्वीराज’, ‘विक्रम’ आणि ‘मेजर’ असे तीन मोठे चित्रपट लागले होते, तेव्हा पडदे कोणाला मिळाले असतील हे सांगायला नको. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती शेताची तारीख. चार दिवसांवर मृग होता. धानाच्या पट्ट्यात जूनचा पहिला आठवडा बियाणे, खत आणि पऱ्हे टाकण्याच्या तयारीचा, त्यापाठोपाठ रोवणी. या दिवसांत इथला माणूस गावातले नाटकही पाहत नाही, तो भंडाऱ्याहून साठ किलोमीटरवर नागपूरला चित्रपट पाहायला कसा जाईल? लाखांदूरकराला तर त्याहूनही लांब. ज्यांच्या आयुष्यावर चित्रपट, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अडकलेला आठवडा त्याच्या वाट्याला आला. दिवाळीनंतर त्यांचे वर्ष सुरू झाले तेव्हा चित्रपट पडद्यावरून कधीच उतरलेला होता. आणि २०२२ हे वर्षही साधे नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली आणि कित्येक वर्षे बंद असलेले पट पुन्हा भरू लागले. करोनाने ओस पडलेली मैदाने नाटकांनी पुन्हा गजबजली. झाडीपट्टीसाठी २०२२ हे परत उभे राहण्याचे वर्ष होते, आणि त्याच वर्षी तिची गोष्ट सांगणारा चित्रपट आला. ‘त्या वर्षाचा चित्रपट’ या शब्दांना काही अर्थ असेल तर तो इथे आहे.

यावर पहिला आक्षेप घरच्या मातीच्या मायेचा. भंडाऱ्यात बसून झाडीपट्टीचा चित्रपट वर काढणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणावे. पण पुण्यात बसून पुण्याच्या घरातला चित्रपट वर काढणाऱ्याला हा प्रश्न कधी विचारला जात नाही. शहरी दिवाणखान्यातले दुःख सर्वांचे ठरते आणि मंडईतले दुःख ‘प्रादेशिक’ ठरते. साकोलीत डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले ते हेच दाखवण्यासाठी, की ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणणारी ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. पडद्यावर ही बोली आतापर्यंत बहुधा गंमत आणण्यापुरती आली. ‘झॉलीवूड’मध्ये तीच मुख्य भाषा आहे, तिच्यातच माणसे प्रेम करतात, भांडतात, सौदे करतात. याला मी चित्रपटाचा गुण म्हणतो, तो माझ्या जिल्ह्याचा आहे म्हणून नव्हे. मराठी पडद्यावर असे फार थोड्या वेळा घडले आहे म्हणून.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. चित्रपट सफाईदार नाही, अभिनय चढा आहे, असे म्हणता येईल. सफाईत ‘वेड’ किंवा ‘चंद्रमुखी’शी त्याची तुलना होणार नाही, हे मान्य. पण चढ्या अभिनयाचे काय ते नीट पाहू. हजारो माणसे उघड्या मैदानात, थंडीत बसलेली, माइक डोक्यावर, रोज नवे गाव, पुष्कळदा नवे नाटक. तिथे डोळ्याची हालचाल शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, आवाज पोहोचतो. तो चढा सूर हे त्या कलेचे व्याकरण आहे. नाट्यगृहात वाढलेल्या नटाच्या संयत अभिनयाची पट्टी तिथे लावणे म्हणजे कीर्तनकाराला नभोवाणीच्या वृत्तनिवेदकाची पट्टी लावण्यासारखे. नंतर जानेवारी २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, ती याच चढ्या सुरात केलेल्या हजारो प्रयोगांसाठी. मंचावर जी कला पद्मश्रीच्या तोलाची, ती पडद्यावर आली की कच्ची कशी ठरते?

लोकांनीच पाहिला नाही, हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर वर आले आहे. लोकांना पाहण्याची सोय होती का, हे आधी पाहावे लागेल. कमाई हे लोकमत खरे, पण ज्यांच्यापर्यंत मतपेटी पोहोचली त्यांचेच.

याच मोजणीने ‘झुंड’लाही दोन्हीकडून बाहेर ठेवले आहे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट ४ मार्च २०२२ ला आला. नागपूरचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्यावर तो आधारलेला. मराठी यादीवाले म्हणतात तो हिंदी, आणि हिंदी यादीवाल्यांना त्या वर्षी वेगळ्याच चित्रपटांचे कौतुक. नागपुरातल्या मुलांतूनच निवडलेल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तरी ‘मराठी चित्रपट’ म्हणून तो चर्चेत येत नाही, कारण संवादांची भाषा हिंदी. नागपूरच्या वस्त्यांत मुले कशी बोलतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती हिंदी किती मराठी आहे ते सांगावे लागणार नाही.

क्रम लावणे हाच मुळात पोरखेळ आहे, असेही काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. यादीमुळे चित्रपट शोधले जातात, महोत्सवांत फिरतात, दहा वर्षांनी पुन्हा पाहिले जातात. यादीत नाव नसलेला चित्रपट हळूहळू सापडेनासा होतो. आणि यादी कोण करतो यावर ती किती बदलते, याचा मोठा पुरावा त्याच २०२२ च्या डिसेंबरात जगाने पाहिला. ब्रिटनचे ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मत दिले होते; २०२२ मध्ये १,६३९ जणांनी. शांताल आकरमान यांचा ‘जान दीलमान’ हा १९७५ चा चित्रपट आधीच्या कौलात छत्तिसावा होता, तो पहिला आला. घरात बटाटे सोलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या एका बाईचे तीन दिवस दाखवणारा चित्रपट. मतदार मुद्दाम वाढवून निकाल फिरवला, अशी तक्रारही झाली. पण चित्रपटात सत्तेचाळीस वर्षांत एक चौकटही बदलली नव्हती. बदलले होते ते पाहणारे. तक्रार करणाऱ्यांनी आधीचे मतदार कोणी आणि कसे निवडले होते, हेही तितक्याच जोराने विचारायला हवे होते.

आता माझा क्रम. पहिला निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’; ११ नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या या चित्रपटात नाशिकचा नदीकाठ आणि जितेंद्र जोशी यांचा आतल्या आत जळणारा निशिकांत यांना तोड नाही. दुसरा ‘झुंड’. तिसरा ‘झॉलीवूड’. मग ‘मी वसंतराव’ आणि ‘एकदा काय झालं’. ‘झॉलीवूड’ पहिला नाही, कारण झाडीपट्टीची पूर्ण रात्र दोन-अडीच तासांच्या चित्रपटात मावत नाही. पहाटे तीनला डोळे जड झालेले असताना शेवटच्या अंकासाठी सावरून बसणारा प्रेक्षक हा त्या कलेचा अर्धा भाग आहे आणि तो पडद्यावर आणणे अवघड. हा क्रम कायमचा आहे, असा माझा दावा नाही. पण तो बदलण्याआधी एक करावे. दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, लाखांदूर, साकोली, पवनीच्या मंडईत कनात लावून हा चित्रपट दाखवावा, नाटकाच्याच तिकिटात आणि नाटकाच्याच वेळेला. तिथे बसलेली माणसे सकाळी घरी जाताना काय बोलतात ते ऐकावे, आणि मग २०२२ ची यादी पुन्हा लिहायला घ्यावी.