दारावरची यादी

आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांनी आता इंटरनेटवर दुकान मांडले आहे. माल चांगला, भाव रास्त. पण सर्व्हरच्या दाराशी रात्रंदिवस कोण उभे असते याची बहुतेकांना कल्पना नसते. परवलीचा शब्द ओळखू पाहणारे प्रोग्राम हजारो पत्त्यांवरून कडी वाजवीत असतात. हे पत्ते अडवणे योग्यच आहे. आमची तक्रार आहे ती अडवण्याच्या पद्धतीबद्दल.

भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याकडे काम पाहणाऱ्या मुलाने असे चाळीस हजार पत्ते लिनक्सच्या ‘आयपीटेबल्स’मध्ये एकेक नियम म्हणून घातले. चोर थांबले, पण दुकानही रखडले. कारण आयपीटेबल्स नियम वरून खाली क्रमाने तपासते. येणारा गिऱ्हाईक भला असला तरी पहारेकरी चाळीस हजार नावे वाचून मगच त्याला आत सोडणार! शिवाय यादी भरायलाच बराच वेळ गेला, कारण आयपीटेबल्सची प्रत्येक आज्ञा सगळा तक्ता उचलून पुन्हा मांडते.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. ‘आयपीसेट’ हे साधन २०११ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यात पत्ते खणांच्या कपाटासारखे ठेवले जातात; पत्त्यावरून हिशेब करून थेट त्याचा खण उघडायचा. यादी हजाराची असो वा लाखाची, शोधायला जवळपास तेवढाच वेळ. फायरवॉलमध्ये नियम एकच राहतो. नवी यादी बाजूला तयार करून जुनीशी अदलाबदल करता येते, म्हणजे मध्ये दार उघडे राहत नाही. फक्त एक लक्षात ठेवावे : सांगितले नाही तर हा संच ६५,५३६ नोंदींवर थांबतो, मोठी मर्यादा संच बनवतानाच द्यावी. २०१४ मध्ये आलेल्या ‘एनएफटेबल्स’मध्ये अशा संचांची सोय अंगभूतच आहे. लागून असलेले २५६ पत्ते अडवायचे असतील तर २५६ नोंदी कशाला? पट्टा म्हणून एकच नोंद पुरते.

पण अडवणे इतके सोपे झाले की हात सैल सुटतो, आणि आमची खरी काळजी तीच आहे. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये व्हायरस शिरला आणि तुम्ही तो पत्ता कायमचा बंद केला, की त्यामागची बाकीची गिऱ्हाइकेही गेली. ती तक्रार करीत नाहीत, दुसऱ्या दुकानात जातात. ‘सगळा देशच बंद करा’ हा सल्लाही आम्ही ऐकला आहे. ज्यांचा माल आखातात जातो त्यांनी तो ऐकण्यापूर्वी आपली ऑर्डरची वही उघडून पाहावी.

हे मोठ्या सरकारांनाही उमजत नाही. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद पाडण्यासाठी ॲमेझॉन व गूगलचे दीड कोटीहून अधिक पत्ते अडवले. टेलिग्राम चालूच राहिले. संबंध नसलेल्या अनेकांची कामे मात्र बंद पडली. जून २०२० मध्ये ती बंदी मागे घेतली गेली.

आयपीसेटमध्ये प्रत्येक नोंदीला मुदत घालता येते. एक तास, एक दिवस, एक आठवडा. मुदत संपली की नाव आपोआप गळते. आपल्या सर्व्हरचे काम पाहणाऱ्याला एवढेच विचारा, की आज यादीत किती पत्ते आहेत आणि त्यांतले किती मुदतीविना पडले आहेत. भिवंडीच्या त्या मुलाला आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सगळेच.”