उपचार यंत्रावर; सोबतीला कोण?

सततची चिंता आणि नैराश्य हे आजार आहेत व त्यांवर उपचार आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण हा उपचार कोणाच्याही मदतीवाचून, घरी पडद्यापुढे बसून घेता येईल काय?

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठाने २००१ साली ‘मूडजिम’ नावाची पाठमाला इंटरनेटवर खुली केली. जिम म्हणजे व्यायामशाळा. येथे व्यायाम मनाचा. समजा, वर्गात उत्तर चुकले आणि ‘मी मठ्ठच, सगळे मला हसतात’ असे मनात आले. असा विचार लिहून काढून तपासायला हे पाठ शिकवतात. सगळे म्हणजे किती जण? खरोखर हसले कोण? काल उत्तर बरोबर आले होते, त्याचे काय? प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग अनुमान, तसेच हे. ही पद्धत अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०नंतरच्या दशकात घडवली.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२५ जणांच्या चाचणीत ‘मूडजिम’ने नैराश्याची लक्षणे कमी झाली. मात्र २०१५ साली इंग्लंडमधील ६९१ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला, तो निराळा. डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला अशा पाठांची जोड देऊनही फारसा जास्त लाभ दिसला नाही. सगळे पाठ पुरे करणारे सहांत जेमतेम एक!

याला कोणी आळस म्हणेल. मला ते पटत नाही. नैराश्यात अंथरुणातून उठणेच जड जाते. तेथे एकट्याने स्वाध्याय कसा पुरा व्हावा? पाय मोडलेल्याला ‘चालत दवाखान्यात ये’ म्हणण्यासारखेच ते. पुढे २०१७च्या चाचणीत पाठांना फोनवरून नीट आधार दिला, तेव्हा चार महिन्यांनी त्या गटाची प्रकृती अधिक सुधारलेली आढळली. वर्षभराने फरक पुसट झाला, हेही खरे. तरीही स्वस्त पडते म्हणून माणसाऐवजी नुसते यंत्र हाती देणे मला अयोग्य वाटते.

असे पाठ तुम्ही कधी करायला घेतलेत, तर आई, ताई किंवा बाई, कोणा एकाला सांगून ठेवा. दर आठवड्याला त्यांनी ‘कुठवर आलास?’ एवढे विचारले तरी पुरे. पण झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर पाठ बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या माणसाशी बोला. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.