नवऱ्याला दुभाषा करू नका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीतील दुसरा आकडा फारसा चर्चेत येत नाही. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती, तर तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी हे कुणापाशीच बोलून दाखवले नव्हते. आपल्या गावात, आपल्या माणसांत राहणाऱ्या बाईची ही अवस्था असेल, तर गाव सोडून मुंबईच्या वस्तीत, भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्लीत किंवा उसाच्या फडावर आलेल्या बाईची काय असेल? माहेर हजार किलोमीटरवर, शेजार नवऱ्याच्या गावचा, पोलीस ठाण्याची वाट अनोळखी. अशा बाईच्या पायाखाली एकच सरकारी पायरी हमखास येते, ती दवाखान्याची. मार खाल्ला म्हणून ती तिथे जात नाही. हात मोडला म्हणून, दिवस गेले म्हणून, डोके सारखे दुखते म्हणून, कधी ‘चुकून’ विषारी औषध पोटात गेले म्हणून जाते. म्हणूनच स्थलांतरित स्त्रियांसाठी कौटुंबिक हिंसेविरुद्धची मदत रुग्णालयातच उभी राहिली पाहिजे आणि ती त्यांच्या भाषेत, त्यांची परिस्थिती ओळखून मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना हिंसेच्या खुणा ओळखायला शिकवायचे आणि तशी बाई दिसली की त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचे, अशी त्याची साधी रचना. पुढे पालिकेने केंद्राची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली. रुग्णालयाचे बळ असे की तिथे जायला बाईला बहाणा लागत नाही. ‘दवाखान्यात जाते’ म्हटले की कुणी अडवत नाही. ‘महिला केंद्रात जाते’ म्हटले की घरात प्रश्न सुरू होतात. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा स्थलांतरित स्त्रीला एक मोठी सोय देतो. ती जिथे तात्पुरती राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते, लग्न झाले त्या गावी परत जावे लागत नाही. या कायद्याच्या नियमांनुसार कौटुंबिक हिंसेच्या घटनेचा अहवाल नोंदवलेला नाही म्हणून रुग्णालय तिला उपचार नाकारू शकत नाही. पण हे तिला सांगणार कोण आणि कोणत्या भाषेत?

मुंबईत सगळ्यांना हिंदी येते, असे आपण गृहीत धरतो. कामावर जाणाऱ्या पुरुषाला ती येते. दरभंग्याहून लग्न होऊन थेट गोवंडीच्या खोलीत आलेल्या मुलीला मैथिली येते, कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्या बाईला कन्नड किंवा तेलुगू, मालद्याहून आलेलीला बंगाली. केस पेपरपुरती कामचलाऊ हिंदी बोलता येणे वेगळे आणि रात्री घरात काय होते हे त्या हिंदीत सांगणे वेगळे. मग अपघात विभागात काय होते? डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ आणि सोबत आलेला नवरा उत्तर देतो, ‘मोरीत पाय घसरला.’ ज्याने मारले त्याचीच साक्ष केस पेपरवर रुग्णाचे म्हणणे म्हणून चढते. नवरा नसेल तर सासू, नाहीतर गाववाली शेजारीण बोलते. शेजारीण मनाने कितीही चांगली असली, तरी तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीत आणि आठवड्याभरात गावाकडच्या सासऱ्यापर्यंत पोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही अशा वेळी एकांत हवा आणि घरचे माणूस दुभाषा नको, हे स्पष्ट आहे. आपल्या रुग्णालयांत हा नियम फलकावर लावण्याइतका महत्त्वाचा मानला गेला पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. कोणत्या परिचारिकेला, कोणत्या मावशींना, कोणत्या निवासी डॉक्टरला कोणती भाषा येते, याची यादी अपघात विभागात असावी आणि त्यांना गोपनीयतेचे थोडे प्रशिक्षण मिळावे. ती भाषा कुणालाच येत नसेल, तर फोनवरून दुभाषा मिळावा.

भाषा जुळली तरी अर्धेच काम होते. समुपदेशकाने दिलेला सल्ला त्या बाईच्या आयुष्यात बसला पाहिजे. बीडच्या ऊसतोड कामगारांचे पाहा. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल मुकादमाकडून जोडीच्या नावाने घेतलेली असते. मार असह्य झाला म्हणून ती फडावरून निघून गेली, तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. मुकादम ती तिच्या भावाकडे, बापाकडेही मागू शकतो. अशा बाईला ‘काही दिवस माहेरी जा’ म्हणणे म्हणजे तिला काहीच न सांगणे होय. माहेरची माणसेही बहुधा दुसऱ्या कारखान्याच्या फडावर असतात. तिला हंगामाच्या मध्यात काय करता येईल, हंगाम संपल्यावर काय, सोबतच्या टोळीत कुणावर विसंबता येईल, रात्री कोपीतून निघावे लागले तर जवळचा रस्ता कोणता, हे तिच्याशी बोलून ठरवावे लागते. शहरातल्या स्थलांतरित बाईचे पेच आणखी वेगळे आहेत. आधार कार्ड नवऱ्याच्या पेटीत, मोबाइल त्याच्या खिशात, शिधापत्रिका गावी. बंगाली बोलणाऱ्या बाईला तर पोलिसांचे नाव काढले तरी धडकी भरते. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून उचललेल्या काही भारतीय नागरिकांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. हे ऐकलेली बाई नवऱ्याविरुद्ध ठाण्यात जाऊन स्वतःच्या कुटुंबाची कागदपत्रे तपासायला कशी देईल? ही भीती ठाऊक नसलेला समुपदेशक तिला पहिल्याच भेटीत गमावतो.

संस्कृतीचे भान ठेवा म्हटले की दोन गैरसमज पुढे येतात. एक तुच्छतेचा : ‘त्यांच्यात हे चालतंच.’ दुसरा सभ्य वाटणारा : ‘त्यांच्या समाजातला प्रश्न आहे, त्यांचे वडीलधारे मिटवतील.’ दोन्हींचा शेवट सारखाच, बाई त्याच खोलीत परत जाते. मारहाण कुठल्या एका प्रांताची रीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातीलही चारातल्या एका विवाहितेने नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला आहे. आणि समाजाच्या पंचांच्या न्यायाबद्दल बोलायचे, तर आपल्याच राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, कारण पंचांचा निवाडा दुबळ्याच्या वाट्याला कसा येतो हे आपण पाहिले होते. भान ठेवायचे ते त्या बाईचे. तिच्या वतीने बोलू पाहणाऱ्यांचे नव्हे. तिला नवऱ्यासोबतच राहायचे असेल, फक्त मार थांबायला हवा असेल, तर तिथून सुरुवात करावी. पुष्कळ जणी हेच मागतात, आणि त्यांना कमी धीट समजण्याचा अधिकार कुणालाही नाही.

डॉक्टरांचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकता येणार नाही. एका बाह्यरुग्ण विभागात शेकड्यांनी रुग्ण असताना कुणाच्या संसाराची चौकशी करायला वेळ कुठला? पण जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट प्रत्येक बाईला विचारा असे म्हणत नाही. जखमेशी न जुळणारे कारण, पुन्हापुन्हा होणारी इजा, गरोदरपणातला मार, विषप्राशन, कारण न सापडणारी दुखणी अशा खुणा दिसल्या की विचारावे. सोबतच्याला बाहेर बसवणे, एक प्रश्न विचारणे, इजेची नेमकी नोंद करणे आणि समुपदेशकाकडे पाठवणे एवढेच डॉक्टरांकडून अपेक्षित आहे. पुढचा तास समुपदेशकाचा. म्हणूनच समुपदेशकाची पदे भरलेली असणे अत्यावश्यक आहे. ‘एमएलसी म्हटले की बायका पळतात,’ असेही ऐकू येते. पळतात, कारण एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद म्हणजे गुन्हा दाखल करणे नव्हे, हे त्यांना कुणी समजेल अशा भाषेत सांगितलेले नसते. तीच नोंद दोन वर्षांनी न्यायालयात तिचा एकमेव पुरावा ठरू शकते.

उरला तो सध्या सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न : महाराष्ट्राने आपला पैसा परप्रांतीयांच्या भाषांवर का खर्च करावा? राज्यकारभार मराठीतच चालला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण रुग्णाचे म्हणणे डॉक्टरला कळणे हा उपचाराचाच भाग आहे. शिवाय मराठी बायकाही स्थलांतरित आहेत. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत. बीडच्या टोळ्या दरवर्षी कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथल्या रुग्णालयात आपल्या लेकीचे म्हणणे तिच्या मारकुट्या नवऱ्याच्या तोंडून ऐकले जाऊ नये, असे आपल्याला वाटत असेल, तर हाच नियम आधी आपल्या घरात लागू केला पाहिजे.

‘दिलासा’चा अनुभव मुंबईत पंचवीस वर्षांचा आहे, पण साखर पट्ट्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना त्याची सर्वाधिक गरज आहे. आरोग्य विभागाने पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी तिथे समुपदेशक नेमावेत आणि कारखान्यांकडून त्या भागात येणाऱ्या टोळ्यांची माहिती घेऊन आशा सेविकांना फडांवर पाठवावे. आणि ज्या रुग्णालयात यातले काहीच नाही, तिथल्या डॉक्टरांना एक विनंती : जखम बांधताना नवऱ्याला पाच मिनिटे बाहेर थांबायला सांगा आणि तिला विचारा.