नभोवार्ता : पुनःपुन्हां येणारी हांक

धूमकेतूंवरील आमचा मजकूर वाचून एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, आकाशांतून क्षणार्धांत येऊन नाहींशा होणाऱ्या ज्या रेडिओ-लहरींविषयीं घरांतील मुलें बोलतात, तो परग्रहावरील कोणाचा निरोप तर नव्हे ना? निरोप असल्याचा कोणताही पुरावा नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. परंतु गोष्ट निरोपाहून कमी नवलाची नाहीं.

२००७ सालीं डंकन लॉरिमर व त्यांचे सहकारी यांनीं ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीचीं २००१ मधील जुनीं टिपणें चाळलीं, तेव्हां त्यांत सेकंदाच्या पांच सहस्रांशांहूनही अल्प टिकलेला एक प्रखर स्पंद आढळला. आपल्या शास्त्रकारांचें निमिष यापुढें युगासारखें वाटावें! या स्पंदाचे तार सूर आधीं पोंचले व मंद्र सूर मागाहून. (सूर हा शब्द आम्ही उपमेनें योजतों, या लहरी ध्वनीच्या नव्हेत, प्रकाशाच्या जातीच्या आहेत.) ताऱ्यांमधील पोकळी अगदींच रिती नसून तींत विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात, व ते मंद्र लहरींस अधिक रेंगाळावयास लावतात. किती रेंगाळल्या यावरून किती दुरून आल्या याचा अदमास बांधतां येतो. आणि या स्पंदाचा अदमास आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे गेला.

शंका निघणें साहजिकच होतें. त्याच दुर्बिणींत पृथ्वीवरचेच वाटणारे कांहीं तोतये स्पंदही सांपडत. २०१५ सालीं त्यांचें मूळ उमगलें, तें वेधस्थळाच्या स्वयंपाकघरांत! मायक्रोवेव्ह शेगडीचें काम पुरें होण्यापूर्वींच कोणी दार उघडी, आणि त्या उतावळेपणाची नोंद खगोलशास्त्राच्या दप्तरीं होई. लॉरिमर यांचा स्पंद मात्र त्या चुलीवरचा नव्हता. असो.

खरा वाद निराळाच होता. स्पंद एकदांच येत असेल, तर तो एखाद्या ताऱ्याच्या अंतकाळचा आक्रोश मानतां येतो. दोन तारे एकमेकांवर आदळले आणि संपले, असें म्हणून मोकळें होतां येतें. परंतु मेलेला मनुष्य दुसऱ्यानें हांक मारीत नाहीं. पोर्टोरिको बेटावरील अरेसिबो दुर्बिणीनें २ नोव्हेंबर २०१२ रोजीं टिपलेल्या एका स्पंदाच्या जागेवर पुढें पुन्हां पहारा ठेवला, आणि २०१५ मध्यें तेथूनच आणखी दहा स्पंद आले. २०१६ सालीं हें प्रसिद्ध होतांच निदान या उगमापुरता तरी अंतकाळचा तर्क निकालांत निघाला. पुनःपुन्हां येणाऱ्या हांकेचा दुसरा लाभ असा कीं, ती कोठून येते हें नीट शोधतां येतें. २०१७ सालीं अमेरिकेंतील दुर्बिणींच्या मोठ्या समूहानें ती जागा निश्चित केली : अडीच-तीनशें कोटी प्रकाशवर्षें दूरची एक लहानशी दीर्घिका. ती अरेसिबोची थोर दुर्बीण २०२० च्या डिसेंबरांत कोसळली, याचें आम्हांस अजून वाईट वाटतें.

आतां पंचांग पाहणाऱ्या घरांस विशेष आवडेल अशी गोष्ट. कॅनडांतील चाइम नांवाच्या दुर्बिणीनें एका उगमाचें वेळापत्रकच शोधून काढलें व तें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. सुमारें १६.३५ दिवसांचें त्याचें आवर्तन; त्यांतील चार-पांच दिवस तो बोलतो, एरव्हीं मौन. आपल्या पक्षाहून हें आवर्तन थोडेंच मोठें! याच उगमाचे १५ स्पंद आपल्या पुणें जिल्ह्यांतील खोडद येथील दुर्बिणीनें टिपले, व त्यांचा वृत्तांत त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण कै. गोविंद स्वरूप यांच्या दीर्घ परिश्रमांचें फळ होय.

आवर्तन कशाचें? जोडीदार ताऱ्याभोवतीं फिरण्याचें, कीं भोंवऱ्याप्रमाणें डुलण्याचें? जोडीदाराच्या अंगचा वारा मधूनमधून आड येत असेल, तर मंद्र सूर अधिक अडले जाऊन थोडेच दिवस ऐकूं यावेत. परंतु २०२१ मध्यें नेदर्लंड्समधील वेधांवरून उलटेंच दिसलें. मंद्र सूर अधिक दिवस टिकतात, आणि ते सुमारें तीन दिवस मागाहून सुरू होतात. हें मागें पडणें सेकंदांचें नव्हे, दिवसांचें. म्हणजे वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांच्या माथीं हें मारतां येत नाहीं. वाऱ्याचा सोपा तर्क येथें लंगडा पडला.

बोलणारा कोण, याविषयीं एक बळकट धागा हातीं आला तो २८ एप्रिल २०२० रोजीं. आपल्याच आकाशगंगेंतील एका चुंबकताऱ्यानें असाच, पण पुष्कळ सौम्य, स्पंद सोडला. चुंबकतारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अस्थिशेष : सूर्याहून अधिक द्रव्य वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यांत कोंबलेलें, आणि चुंबकत्व अचाट. तेव्हां उगम सांपडला असें पुष्कळांनीं मानलें. आम्ही मात्र इतकी घाई करणार नाहीं. चाइमच्या २०२१ मधील यादींत ५३६ स्पंद आहेत. त्यांतील १८ च उगम पुन्हां बोललेले, बाकीचे ४७४ एकेकदांच. ते खरोखरच एकवचनी, कीं आपलाच पहारा अपुरा, हें कसें ठरवावें? शिवाय एम ८१ या शेजारच्या दीर्घिकेच्या एका तारकागुच्छांत असा एक पुनःपुन्हां बोलणारा उगम असल्याचें २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या गुच्छांतील तारे अब्जावधि वर्षांचे. चुंबकतारे तर तरुण ताऱ्यांच्या स्फोटांतून जन्मतात, आणि त्यांचें चुंबकत्व थोड्याच सहस्र वर्षांत ओसरतें. खापरपणज्यांच्याच वस्तींत पाळणा हालतांना दिसावा, तसें हें झालें. दोन म्हातारे तारे एकत्र येऊन नवा चुंबकतारा होत असावा, असें कांहीं पंडित म्हणतात. पण तो पाळणा अद्याप कोणीं पाहिलेला नाहीं.