रडताना श्वास अडतो? आधी रक्त तपासा

दीड-दोन वर्षांचे मूल पडते किंवा कोणी त्याच्या हातातली वस्तू काढून घेते. ते जोरात रडू लागते आणि एकाएकी आवाज बंद होतो. तोंड उघडेच, ओठ निळे, अंग ताठ किंवा लुळे. काही क्षणांनी श्वास परत येतो. पण तोवर घरच्यांच्या काळजाचे पाणी झालेले असते. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी अंगारा लावतो, कोणी ‘फिट आली’ म्हणून थेट अकोला-अमरावती गाठतो. मेळघाटात तर आजारी बाळाला तापलेल्या लोखंडाने डागण्याची ‘डंबा’ प्रथा अजून पुरती संपलेली नाही.

वैद्यकशास्त्रात याला ‘ब्रेथ होल्डिंग स्पेल’ म्हणतात. मूल हे हट्टाने करीत नाही. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान ती सुरू होते आणि बहुतेक मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबते. मेंदूला इजा होत नाही.

मात्र, एक गोष्ट दुर्लक्षित राहते. अशा अनेक मुलांच्या रक्तात लोह कमी असते आणि लोह दिल्यावर हे झटके कमी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. धनजसारख्या गावातील पालकांनी म्हणूनच महागड्या तपासण्यांआधी मुलाचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. विदर्भात सिकलसेलही आहे. त्याची तपासणी सोबतच करावी. लोहाचे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे.

‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप द्यायचे असते. शौच काळी होते म्हणून अनेक घरांत बाटली फळीवरच पडून राहते. रंग बदलण्यात धोका नाही, हे आशाताईंनी समजावून सांगायला हवे. आणि बाटली मिळालीच नसेल, तर गावाने ती मागायला हवी. दुसरी चूक म्हणजे वर्षाच्या पुढेही मुलाला दूध आणि चहा-बिस्किटांवर ठेवणे. तुरीचे वरण, पालेभाजी, अंडे आणि वरून लिंबू पिळलेला घास त्याच्या ताटात हवा.

श्वास अडकल्यास मुलाला कुशीवर निजवावे. गदागदा हलवू नये, तोंडात बोट किंवा पाणी घालू नये. कोणी मोबाइलवर चित्रण केले, तर डॉक्टरांना निदान सोपे जाते.

पण प्रत्येक झटका निरुपद्रवी समजू नये. वय सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, न रडता किंवा झोपेत श्वास थांबत असेल, धावताना शुद्ध हरपत असेल, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हृदयाचा आलेखही काढावा. शेंगदाणा-फुटाणा खाताना गुदमरल्यास किंवा मिनिटभरात श्वास न आल्यास १०८ ला फोन करावा.

या मुलांना अंगाऱ्याची गरज नाही. गरज आहे ती रक्ताच्या एका तपासणीची आणि फळीवरची बाटली खाली काढण्याची.