दिव्यावरचा अंधार

आपल्याकडे एके काळी दिवसाचा एक प्रहर असा होता, की त्याला घड्याळातल्या आकड्यावरून कुणी ओळखत नसे. सूर्य बुडालेला असे, पण आकाशातला उजेड पुरता निमालेला नसे, गुरे गोठ्यात परतलेली असत, तुळशीपुढे निरांजन लागे, देवघरात समई उजळे, आणि त्या वेळेचे ‘दिवेलागण’ हे नाव उच्चारताच घर, माणसे आणि आकाश ही तिन्ही एकदम डोळ्यांपुढे उभी राहत. गेल्या कार्तिकात मी कॅमेऱ्यासाठी एक नवे विशालकोनी भिंग, म्हणजे ज्याला सारे जण वाइड-अँगल लेन्स म्हणतात ते, विकत घेतले आणि मुंबईचे रात्रीचे दिवे टिपण्यासाठी संध्याकाळमागून संध्याकाळ घराबाहेर काढू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी छायाचित्रकार तिपाई रोवून तासभर ताटकळत उभे असतात, ती हीच दिवेलागण होय. सूर्यास्तानंतरच्या त्या थोड्या अवधीत आकाशाचा निळा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड यांचे बळ समसमान होते. त्याआधी दिवे फिके दिसतात आणि त्यानंतर इमारतींच्या कडा काळोखात बुडून जातात. या संध्याकाळींनी माझे एक मत पक्के केले, आणि ते नगरशासनाच्या कारभाराशी निगडित असल्यामुळे येथे मांडण्याचे योजिले आहे: शहराच्या दिव्यांची शोभा अंधारावर उभी असते, आणि तो अंधार राखणे हे दिवाबत्ती खात्याचे, दिवे लावण्याइतकेच, कर्तव्य आहे.

प्रथम त्या भिंगाची हकिगत सांगितली पाहिजे, कारण हे मत मला त्याच्याच वाटेने सापडले. नेहमीच्या वापरातले ५० मिलिमीटरचे भिंग समोरच्या देखाव्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ४६ अंशांचा तुकडा उचलते. माझे नवे भिंग २० मिलिमीटरचे, त्याच्या कवेत ९४ अंश मावतात. एवढा मोठा घास घेणारे साधन हाती आल्यावर अख्खे शहर एका चौकटीत बांधता येईल, अशा उमेदीने मी पहिल्याच दिवशी मलबार हिलवर गेलो आणि जेथून मरीन ड्राइव्हचा तो प्रसिद्ध कंठहार दिसतो, त्या जागेवरून छायाचित्र घेतले. पाहतो तो, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची ती भव्य वळणदार ओळ चौकटीच्या मध्यभागी एखाद्या सुताएवढी बारीक होऊन पडली होती, आणि उरलेला सारा भाग आकाशाने व्यापला होता. कॅमेरा जरा खाली झुकवून पाहावे, तर इमारती कलंडल्यासारख्या दिसू लागत. तो जमिनीशी समांतर ठेवावा, तर पुन्हा आकाशच आकाश. विशालकोनी भिंगाचा धर्मच असा, की जवळचे मोठे करावे, दूरचे लहान करावे आणि जे आपण पाहायचे टाळतो, तेही निमूटपणे चौकटीत आणून ठेवावे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेकडी सोडून खाली कठड्यापाशी आलो. समुद्राकडून खारा वारा येत होता, भिंगावर दर पाच मिनिटांनी दमट पापुद्रा चढत होता आणि तो मऊ सुती कापडाने पुसावा लागत होता. तिपाई हलू नये म्हणून तिच्या मधल्या दांड्याला खांद्यावरची पिशवी टांगली होती. शेजारीच एक शेंगावाला उभा होता. टोपलीत भाजलेल्या शेंगांची रास, राशीच्या मधोमध निखाऱ्यांचे लहानसे मडके, आणि त्या मडक्याच्या तोंडातून दिसणारा लालसर उजेड, एवढाच त्याचा सारा दिवा. मी शटर पंधरा सेकंद उघडे ठेवले होते. त्या अवधीत तो मनुष्य दोनदा हलला, म्हणून चित्रात त्याची धूसर आकृतीच उमटली, पण टोपली स्थिर होती, आणि तो निखारा इतका स्पष्ट उतरला, की मागच्या साऱ्या कंठहारापेक्षा नजर त्याच्यावरच जाऊन ठरत होती. थोड्या अंतरावर एका उंच खांबावर पांढऱ्या झगझगीत दिव्यांचा झुबका होता आणि गर्दीही तेथेच अधिक होती. ‘तिकडे का उभे राहत नाही?’ असे मी सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, तिकडं उजेडात शेगडी पेटलीय की विझलीय, ते लोकांना कळत नाही. इथं लांबनं दिसते.’

त्याचे हे म्हणणे छायाचित्रणाच्या शास्त्राशीही तंतोतंत जुळते. भिंगाचे छिद्र बारीक केले, की रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यातून चांदणीसारखे किरण फुटतात. छिद्राची पाती आठ असतील, तर किरण आठ, आणि नऊ असतील, तर दुप्पट, म्हणजे अठरा. परंतु हे किरण उमटायला त्यांच्यामागे काळी भूमी असावी लागते. मागची भिंत दिव्याइतकीच उजळ असेल, तर तेच छिद्र, तीच पाती आणि तोच दिवा असूनही चांदणीची एक पाकळीदेखील दिसत नाही. मी दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दगडी इमारतीपुढे हा अनुभव घेतला. तिच्या कमानी, तिच्यावरचे कोरीव पशुपक्षी, दगडादगडांतली सावलीची रेघ यांसाठी मी गेलो होतो. पण तिच्यावर जांभळ्या, हिरव्या आणि गुलाबी प्रकाशाचे झोत आळीपाळीने सोडलेले होते, आणि पंधरा सेकंदांत ते सारे रंग एकमेकांत मिसळून दगडाचा मूळचा पिवळसर वर्ण पार पुसून गेला होता. ज्या कारागिरांनी दगड खोदून तेथे सावली निर्माण केली, त्यांचे काम त्या झोतांनी रद्दबातल ठरविले होते. आपल्या देवळांपुढच्या दीपमाळा वर्षाचे बहुतेक दिवस विझलेल्या असतात आणि त्रिपुरी पौर्णिमेसारख्या दिवशी उजळतात. म्हणूनच त्या उजळलेल्या पाहायला गाव लोटतो. प्रकाश साठवून वापरण्याची ही जी मर्यादा आपल्या पूर्वजांना सहज साधली होती, ती विजेच्या मुबलकतेत आपल्या हातून सुटली आहे.

आणि आता त्या आकाशाकडे वळतो, जे माझ्या भिंगाने मला बळेच दाखविले. डोळा काळोखाला सरावतो आणि आकाश काळे आहे, असे मानून चालतो. कॅमेरा मात्र सेकंदासेकंदाचा उजेड जमेस धरतो आणि शेवटी चोख हिशेब पुढे ठेवतो. ढगाळ रात्री घेतलेल्या माझ्या साऱ्या चित्रांत नरिमन पॉइंटवरचे आकाश पाण्यात दूध ओतल्यासारखे पांढुरके आले आहे. तो उजेड चंद्राचा नव्हता. रस्त्यासाठी, पाटीसाठी, इमारतीसाठी म्हणून लावलेला आणि तेथे न पोहोचता वर निसटलेला तो आपलाच उजेड होता. जुने सोडियमचे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश देत, तर आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या पोटात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो. आणि हवेचे कण आखूड लहरींचा प्रकाश अधिक विखुरतात, हा दिवसा आकाश निळे दिसण्याचा जो नियम, तोच रात्रीही लागू असल्यामुळे, हा निळा अंश त्या पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशाने दाखवून दिले, की मानवजातीतील सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसेनाशी झाली आहे. रात्री बाळाला अंगणात नेऊन चांदोबा दाखविणाऱ्या समाजाला या हानीचा अर्थ निराळा समजावून देण्याची गरज नाही.

मी एलईडी दिव्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्टपणे नमूद करतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथा योग्यच होते; २०१५ साली केंद्र सरकारने रस्त्यांवरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्यातून देशभर एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले आणि विजेची मोठी बचत झाली, हेही खरे. परंतु त्याच २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून तेथे पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा मुंबईकरांनी आपला कंठहार हरवल्याची तक्रार केली, राजकीय पक्षांतही त्यावरून वादंग माजले, आणि अखेर पिवळसर छटेचे दिवे लावून ती शोभा परत आणावी लागली. या प्रकरणात दोन गोष्टी सिद्ध झाल्या: एक, की तीच बचत पिवळसर एलईडीनेही साधते, आणि दुसरी, की दिव्याचा रंग हा नागरिकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि त्यांनी आवाज उठविला, तर कारभाऱ्यांना फेरविचार करावा लागतो. मरीन ड्राइव्हलगतच्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती यांच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दगड, जाळ्या, सज्जे, जिने यांच्या रक्षणाची आपण काळजी घेतो. त्या वास्तूंवर पडणाऱ्या रात्रीच्या प्रकाशाचीही तितकीच तजवीज असायला नको काय?

हा प्रश्न शोभेपुरता नाही. समुद्रकासवाची पिल्ले रात्री वाळूतून बाहेर पडली, की ज्या दिशेचे क्षितिज अधिक उजळ, त्या दिशेने चालू लागतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राचीच असते. मागे दिव्यांची रांग असेल, तर ती पिल्ले रस्त्याकडे वळतात. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ही पिल्ले पाहायला माणसे लांबून येतात. २०१८ साली अशीच ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले थेट मुंबईत, वर्सोव्याला आढळली होती. सणासुदीला झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुंडाळलेल्या आणि सण सरल्यावरही महिनोन्महिने न उतरविलेल्या दिव्यांच्या माळांमध्ये पक्ष्यांनी घरटी कोठे करावीत आणि रात्र झाली, हे कशावरून ओळखावे?

यावर एक आक्षेप निघतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे: रात्रपाळी संपवून एकटी घरी निघालेली परिचारिका, अभ्यासिकेतून परतणारी विद्यार्थिनी, पहाटे चार वाजता मासळीच्या बाजाराला निघालेली कोळीण, यांना उजेड हवा आहे आणि तो मिळणे हा त्यांचा हक्क आहे. या हक्कात तसूभरही उणे करावे, असे मी म्हणत नाही. पण रात्रीच्या छायाचित्रणाने मला शिकविले, की झगझगीत दिवा दिसणे आणि त्या दिव्याने दिसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांत घुसणाऱ्या तीव्र दिव्याने बाहुली आकुंचन पावते आणि त्या दिव्याच्या पलीकडचा कोपरा, जेथे खरे भय दडलेले असू शकते, तो अधिकच काळा होतो; उलट, झाकलेल्या, खाली वळविलेल्या आणि ठरावीक अंतरावर लावलेल्या सौम्य दिव्यांनी फुटपाथ अखंड दिसतो. ज्या गल्ल्यांत आज एकही खांब नाही, तेथे आकाशात उधळला जाणारा हाच पैसा नेऊन दिवे लावावेत, ही माझी मागणी आहे.

ही मागणी अव्यवहार्य नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे खाली वळविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. फक्त त्यांचा उजेड त्यांच्या अंगणात राहिला. मुंबईला पेंच करता येणार नाही, हे उघड आहे. पण प्रत्येक दिव्याला वरून झाकण असावे, निवासी वस्त्यांत आणि वारसा-परिसरात दिव्यांची छटा ३००० केल्व्हिनच्या वर जाऊ नये, जाहिरातींचे फलक आणि इमारतींवरचे शोभेचे झोत मध्यरात्रीनंतर बंद व्हावेत, आणि झाडांवरच्या माळा सणाबरोबर उतराव्यात, एवढे चार नियम कोणत्याही नगरपालिकेच्या अखत्यारीत बसण्याजोगे आहेत. येत्या अंदाजपत्रकात दिवाबत्तीच्या सदराखाली किती दिवे लावले, याच्याबरोबरच किती दिव्यांचा उजेड जमिनीवर पोहोचतो, याचाही जमाखर्च नगरसेवकांनी मागितला पाहिजे.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण तेलाच्या दिव्यावरून आली. ज्योत वर, वात आणि तेल खाली, त्यामुळे दिव्याच्या बुडाशी सावली राहायचीच. रस्त्यावरच्या खांबावर टांगलेल्या दिव्याला ती अडचण उरलेली नाही. त्याला नीट झाकण घातले, की उजेड सारा खाली, माणसांच्या पायांशी, आणि अंधार सारा वर, आकाशाच्या हवाली. कठड्याजवळचे ते चित्र मी मोठे करून घरात लावले आहे. त्यात मधोमध निखारा आहे, मागे कंठहार आहे आणि वरचा अर्धा भाग पांढुरक्या आकाशाने भरलेला आहे. त्याच जागेवरून, त्याच भिंगाने आणि त्याच दिवेलागणीला आणखी एक चित्र काढावे आणि त्यातले आकाश निळे असून हळूहळू काळे होत जावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.