गोष्ट नसलेला दगड

मराठी विभागाची सहल म्हटली की ठिकाणे ठरलेली असतात. एखाद्या लेखकाचे जन्मगाव, स्मारक, जुने ग्रंथालय, फार तर साहित्य संमेलन. चित्रसंग्रहालय या यादीत बहुधा नसते. रंगरेषा हा कलाविद्यालयांचा विषय आणि शब्द तेवढा आपला, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ही वाटणी साहित्याच्याच अभ्यासाला मारक आहे, असे माझे मत आहे.

सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. यमाईच्या डोंगरावरील हे संग्रहालय औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारले. भवानराव स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांचा भरघोस आश्रय लाभला. शब्द आणि चित्र यांचे दोन वेगळे संसार त्यांनी कधी थाटले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्र तेथे दिवसभर रेंगाळलो. सगळे मराठीचे अध्यापक. राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे आमच्या गप्पांना खळ नव्हता. ही कोण, हिच्या मनात काय चालले आहे, आता पुढे काय घडणार, असे बोलणे सहज सुरू झाले. पुराणातल्या नायिका मराठी वाचकाने आधी ऐकल्या आणि मग पुष्कळशा रविवर्म्याच्या रंगांतून पाहिल्या. त्यामुळे तेथे आपण चित्रही वाचतच असतो. पुढे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे दगडी शिल्प आले आणि आम्ही एकदम गप्प झालो. एक मित्र म्हणाला, "यात सांगण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या वर्गांतही तोच विचारला जातो. कवितेत 'कवीला काय म्हणायचे आहे' ते दोन वाक्यांत सांगता आले की कविता संपली! ज्या कवितेचा असा सारांश निघत नाही, ती दुर्बोध ठरते. मूरच्या शिल्पाला सारांश नाही. विषय दोन शब्दांत संपतो. उरतो तो दगडाचा भार, त्याची वळणे आणि दोन देहांमधले अंतर. त्याच्याभोवती सावकाश फिरावे लागते. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रातील संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे आपले विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांचा विचार केवळ साहित्यापुरता नव्हता, सर्व ललित कलांना कवेत घेणारा होता, हेही लिहितात. परंतु ही तत्त्वे डोळ्यांना दिसतात कशी, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. औंधच्या त्या दगडापाशी ती दिसू शकतात.

सत्रपद्धतीत वेळ कोठे आहे, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण याला अभ्यासक्रम लागत नाही, एक दिवस लागतो. शिवाय ही भेट 'प्रकल्प' होऊ नये. अहवाल लिहायचा आहे म्हटले की विद्यार्थी चित्राऐवजी खालची पाटी उतरवून घेतात. दालनामागून दालने उरकण्याचीही गरज नाही. एक रविवर्मा आणि एक मूर, प्रत्येकापुढे अर्धा तास, वही पिशवीत आणि बरोबर वाद घालणारे मित्र, एवढे पुष्कळ आहे. मतभेद झाला की प्रत्येकाला पुन्हा कलाकृतीकडेच पाहावे लागते, आणि समीक्षेची खरी सवय तेथेच लागते.

गोष्ट नसलेल्या दगडापुढे अर्धा तास थांबू शकणारा विद्यार्थी सारांश न निघणाऱ्या कवितेपुढेही थांबेल. निदान ती दुर्बोध आहे, असे पहिल्याच वाचनात म्हणणार नाही.